सूपच्या डब्यापासून गेंड्यापर्यंत : अँडी वॉरहॉल

अँडी वॉरहॉल हे नाव घेतले की जाणकारांना सूपचे डबे आठवतात, आणि बाकीच्यांना काहीच आठवत नाही. परवापरवापर्यंत मी या बाकीच्यांतलाच होतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा चित्रकलेशी संबंध तो काय? शाळेत ड्रॉइंगची लोअर परीक्षा दिली आणि तिथेच तो संपला. पण आमच्या ग्रंथालयात एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात वॉरहॉलने १९८३ साली केलेली दहा प्राण्यांची चित्रे पाहण्यात आली. हत्ती, गेंडा, वाघ, पांडा, ओरांगउटान, झेब्रा, गरुड, रानमेंढा, बेडूक आणि फुलपाखरू. सगळे आपल्या अंगचे रंग टाकून भडक निळे, लाल, पिवळे झालेले, जणू जत्रेत निघाले आहेत. हे दहाही जीव पृथ्वीवरून नाहीसे होण्याच्या वाटेवर आहेत असे खाली लिहिलेले होते. इतके मरणोन्मुख प्राणी आणि इतके उत्सवी रंग! हा माणूस थट्टा करतो आहे की मनापासून काही सांगतो आहे, ते कळेना. म्हणून मी त्याचे चरित्र मिळेल तेवढे वाचले. त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवतो.

त्याचे खरे आडनाव वारहोला. जन्म ६ ऑगस्ट १९२८, अमेरिकेतील पिट्सबर्ग या पोलादाच्या कारखान्यांच्या गावी. आईबाप मात्र दूरच्या मिकोव्हा नावाच्या डोंगराळ खेड्यातले. हे खेडे आपल्याला नकाशावर शोधावे लागेल, आणि नकाशा कोणत्या सालचा ते आधी विचारावे लागेल. वारहोला कुटुंब तिथे जन्मले तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, पुढे चेकोस्लोव्हाकियात गेले, आज स्लोव्हाकियात आहे. खेडे जागचे हलले नाही, राज्ये हलली. तिथले लोक रूसिन भाषा बोलतात. या भाषेला स्वतःचे असे राष्ट्र कधी टिकून लाभलेच नाही. आम्हा सीमाभागातल्या मुलांना हे फार समजावून सांगावे लागत नाही. घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी, हा हिशेब आम्ही बालवाडीपासून मांडतो. अँडीच्या घरी रूसिन, शाळेत इंग्रजी. त्याची आई ज्युलिया अमेरिकेत पन्नास वर्षे राहिली, पण इंग्रजी तिला शेवटपर्यंत परकेच राहिले.

बाप मजूर होता. पोरे तीन, त्यांत अँडी धाकटा. मंदीचे दिवस. ज्युलिया रिकाम्या पत्र्याच्या डब्यांची फुले कापून, रंगवून दारोदार विकत असे. पुढे मुलाने डब्याचेच चित्र काढून जग हालवले हे ध्यानात घेता मला ही गोष्ट सर्व चरित्रात महत्त्वाची वाटते, पण चरित्रकार तिला दोन ओळींत उरकतात.

आठवा वर्षाच्या सुमारास अँडीला एक विचित्र दुखणे झाले. हातपाय आपोआप झटके देत, ताबा राहत नसे. महिनेच्या महिने तो अंथरुणाला खिळला. आई त्याला सिनेमाची मासिके, रंगवायची पुस्तके आणून देई. नटनट्यांची छापील चित्रे कापायची, चिकटवायची, रंगवायची, हाच त्याचा उद्योग. बरा झाला तरी कातडीवर डाग राहिले आणि स्वभावात बुजरेपणा राहिला. शनिवारी तो गावातल्या कार्नेगी संग्रहालयातील मोफत चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागला. त्या संग्रहालयाची रचना अशी की एकाच इमारतीत एकीकडे चित्रे आणि दुसरीकडे निसर्गविज्ञानाची दालने, म्हणजे पेंढा भरलेले प्राणी आणि नाहीशा झालेल्या महाकाय सरड्यांचे सांगाडे.

१९४२ साली बाप वारला. मरण्यापूर्वी त्याने थोडी पुंजी बाजूला ठेवली होती, ती फक्त धाकट्याच्या कॉलेजसाठी. थोरल्या दोघांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचे दिसत नाही. त्या पैशावर अँडी कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९४९ मध्ये पदवीधर झाला आणि त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कला गेला. जाता जाता आडनावाच्या शेवटचा आकार गळून पडला आणि वारहोलाचा वॉरहॉल झाला.

न्यूयॉर्कमध्ये तो जाहिरातीची चित्रे काढू लागला. मासिकांसाठी, दुकानांसाठी, विशेषतः बायकांच्या बुटांची. एका पादत्राणांच्या कंपनीच्या वर्तमानपत्री जाहिरातींनी त्याचे नाव झाले आणि पैसाही चांगला मिळू लागला. शाईने रेघ काढायची, ओली असतानाच दुसऱ्या कागदावर दाबून तिचा ठसा उमटवायचा, अशी त्याची पद्धत होती. रेघ तुटक, थरथरती उमटे, आणि तीच लोकांना आवडे. हाताने काढलेल्या चित्रापेक्षा त्याचा ठसा त्याला अधिक भावत असे, हे इथूनच दिसते.

आई १९५० नंतर लवकरच त्याच्याकडे राहायला आली आणि जवळजवळ वीस वर्षे राहिली. घरात मांजरेच मांजरे. अँडीने त्यांच्या चित्रांचे एक लहानसे पुस्तक केले आणि त्यावरची अक्षरे आईकडून लिहून घेतली. इंग्रजी न जाणणाऱ्या त्या माउलीने नावातले एक अक्षर गाळले. पंचवीस मांजरे, नाव सॅम, असा अर्थ असणाऱ्या त्या शीर्षकातली व्याकरणाची चूक मुलाने तशीच छापली. मला वाटते, प्रत्येक दुभाषी घरात आईच्या हातची अशी एखादी चूक असतेच, आणि ती दुरुस्त करावीशी वाटत नाही.

जाहिरातीत नाव झाले, पण खऱ्या चित्रकारांच्या पंगतीत त्याला कोणी बसू देईना. त्या काळी अमेरिकेत अमूर्त चित्रकलेचा बोलबाला होता. चित्रकाराने आपल्या अंतरीची खळबळ रंगांच्या फटकाऱ्यांनी व्यक्त करावी, असा दंडक. वॉरहॉलने उलटेच केले. १९६२ च्या जुलैत लॉस एंजेलिसच्या एका दालनात त्याने कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रे मांडली. प्रत्येक चित्रात एकच डबा, फक्त सूपचा प्रकार वेगळा, आणि मांडणी वाण्याच्या फळीवर असते तशी. लोक हसले. एका शेजारच्या दालनाने खरे डबेच खिडकीत मांडून स्वस्तात विक्रीला ठेवले म्हणतात. किंमत चित्राला १०० डॉलर. थोडीच विकली गेली. मग दालनाचे चालक आयर्व्हिंग ब्लम यांनी विकलेली परत मिळवून सगळा संच स्वतःच १,००० डॉलरांना, तोही दरमहा हप्त्याने, विकत घेतला. १९९६ साली तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेला तेव्हा त्याचे मोल दीड कोटी डॉलरांच्या घरात होते. आमच्या कॉस्टिंगच्या पेपरात हा व्यवहार कोणत्या सदरात मांडावा हे अजून कोणी शिकवलेले नाही.

सूपचे डबे त्याने हाताने रंगवले होते. त्यानंतर लगेच त्याने सिल्क स्क्रीन धरली. इथे मला थोडा अधिकाराने बोलू द्यावे, कारण माझ्या मामांचा स्क्रीन प्रिंटिंगचा लहानसा धंदा आहे आणि लग्नसराईत मी तिथे हात मारतो. लाकडी चौकटीवर ताणून जाळीचे कापड बसवायचे, त्यावर मसाला चढवायचा, वर फोटोची पॉझिटिव्ह ठेवून प्रकाश दाखवायचा आणि पाण्याने धुवायचे. प्रकाश लागला तिथे मसाला घट्ट बसतो, न लागला तिथे जाळी मोकळी होते. मग शाई ओतून रबराच्या पट्टीने ओढायची, खालच्या कागदावर चित्र हजर. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. रंग एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत. गणपतीच्या सोंडेचा लाल रंग केसभर बाहेर गेला तर गिऱ्हाईक पत्रिका परत करते. वॉरहॉलने हीच चूक कला म्हणून ठेवली. त्याच्या चित्रांत ओठांचा रंग ओठांबाहेर जातो, शाई कुठे जाड तर कुठे पुसट पडते. मामांना मी ती छायाचित्रे दाखवली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि हे काम आपण परत घेतले असते अशा अर्थाचे काहीसे पुटपुटले.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो ही नटी वारली आणि काही आठवड्यांतच तिच्या एका प्रसिद्धीपत्रकातल्या छायाचित्राच्या रांगाच्या रांगा त्याने छापल्या. एकीकडे झगझगीत, दुसरीकडे काळ्या, पुसट होत जाणाऱ्या. मग अपघात, विजेची खुर्ची, फुले, साबणाच्या खोक्यांच्या लाकडी प्रतिकृती. १९६४ पासून चंदेरी रंग फासलेल्या एका मोठ्या जागेत त्याचे काम चाले. जागेचे नावच फॅक्टरी. कवी, गवई, श्रीमंत, निष्कांचन, व्यसनी, सगळ्यांचा तिथे राबता. त्याने सिनेमेही काढले, काही तर तासन्‌तास एकाच दृश्याचे. त्या रंगेल काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही.

त्या गर्दीतलीच एक लेखिका, व्हॅलेरी सोलानास, ३ जून १९६८ रोजी पिस्तूल घेऊन आली आणि तिने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. आपले हस्तलिखित त्याने दडपले असा तिचा ग्रह होता. इस्पितळात तो मेल्यातच जमा होता. डॉक्टरांनी छाती उघडून त्याला परत आणले. दोनच दिवसांनी रॉबर्ट केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वॉरहॉलची बातमी मागे पडली. यानंतर जन्मभर त्याला पोटाभोवती आधाराचा पट्टा बांधावा लागला आणि इस्पितळाची धास्ती कायमची मनात बसली.

पुढचे दशक व्यापाराचे. कोणीही श्रीमंत यावा, वॉरहॉलने त्याचा फोटो काढावा, त्यावरून चाळीस इंची चित्र छापावे. पहिल्याचे २५,००० डॉलर, दुसरे हवे तर सवलतीत. चांगला धंदा हीच सर्वांत चांगली कला, असे तो उघड म्हणू लागला. टीकाकारांनी त्याला संपलेला ठरवले. त्याच काळात १९७२ साली आई पिट्सबर्गला वारली. अँडी अंत्यसंस्काराला गेला नाही, आणि कोणी विचारले तर ती बरी आहे, असेच सांगत राहिला म्हणतात. घरात मग त्याने एक कुत्रा पाळला, नंतर दुसरा. लांब अंगाची, आखूड पायांची दोन कुत्री, आर्ची आणि अमॉस.

आता त्या दहा प्राण्यांकडे येतो. रोनाल्ड फेल्डमन आणि त्यांची पत्नी फ्रेडा हे न्यूयॉर्कचे कलाव्यापारी. त्यांनी वॉरहॉलकडून आधी दोन संच करून घेतले होते, १९८० मध्ये विसाव्या शतकातील दहा ज्यू व्यक्तींचा आणि १९८१ मध्ये अमेरिकी दंतकथांचा. समुद्रकाठी वॉरहॉलची जागा होती; किनारा झिजत चालल्याविषयी आणि एकूण निसर्गाविषयी त्यांच्यात बोलणे झाले आणि त्यातून नष्ट होणाऱ्या प्राण्यांची कल्पना निघाली. अमेरिकेत या प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा १९७३ साली झाला होता, त्याला दहा वर्षे होत होती. (आपल्याकडचा वन्यजीव कायदा १९७२ चा, व्याघ्र प्रकल्प १९७३ चा. म्हणजे दोन्ही देशांना जाग एकदमच आली.) दहा चित्रे, प्रत्येक अडतीस इंच चौरस, प्रत्येकाच्या १५० प्रती. छापणारा रूपर्ट जॅसन स्मिथ. छायाचित्रावरून चित्र घ्यायचे, त्यावर रंगीत रेघांची आणखी एक जाळी चढवायची, आणि पाठीमागे सपाट रंगाचे मैदान. जंगल नाही, झाड नाही, गवताची काडी नाही. वॉरहॉलच्या मते हे प्राणी म्हणजे रंगभूषा केलेले नट होते.

हीच गोष्ट मला आरंभी खटकली होती. पण जरा थांबून पाहिले तेव्हा वेगळे दिसले. त्याने मेरिलिनला जे दिले तेच गेंड्याला दिले, तोच आकार, तेच रंग, तीच नटीची ऐट. वृत्तपत्रात गेंड्याला कोण विचारतो? शिंगापुरता. आणि मेरिलिनचे चित्र त्याने ती गेल्यावर छापले होते. हे मात्र जायच्या आधी. ओरांगउटानचे डोळे पाहावेत. बाकी चेहरा रंगात बुडाला आहे, पण डोळे सरळ आपल्याकडे लागलेले, आणि त्यांत थट्टा नाही.

तरी एक गोष्ट मनात राहते. हे दहा निवडले कोणी? हत्ती, वाघ, पांडा हे देखणे म्हणून आले. आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. तिथे रॉटनचे वटवाघूळ राहते. कित्येक वर्षे ते जगात फक्त याच गुहेत आहे असे मानले जाई. त्याचे तोंड पाहून कोणी चित्र विकत घेणार नाही. बेडकाला मात्र वॉरहॉलने जागा दिली, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

चित्रे १९८३ मध्ये प्रथम दाखवली गेली ती कलादालनात नव्हे, तर न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात. पिट्सबर्गच्या त्या शनिवारच्या वर्गातला मुलगा पुन्हा पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. पुढे सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयाचे शास्त्रज्ञ कर्ट बेनिर्श्के यांच्याबरोबर त्याने याच विषयावर एक पुस्तक केले, ते १९८६ साली निघाले. मजकूर शास्त्रज्ञाचा, चित्रे याची, आणि यावेळी गॅलापागोसचे कासव, ओकापी अशा कमी नावाजलेल्यांनाही जागा मिळाली. पैसा किंवा प्रसिद्धी एवढाच हेतू असता तर हे पुस्तक करण्याचे कारण नव्हते. नटनट्यांची चित्रे त्याहून सोपी होती आणि जास्त विकत होती.

याच वर्षांत तो सणासुदीला एका चर्चमध्ये जाऊन बेघर लोकांना जेवण वाढत असे, प्रार्थनेलाही नियमाने जाई, हे जवळच्या थोड्यांनाच ठाऊक होते. पित्ताशयाचे दुखणे होते, पण इस्पितळाच्या भीतीने तो टाळत राहिला. अखेर शस्त्रक्रिया झाली, ती पारही पडली, आणि दुसऱ्याच दिवशी, २२ फेब्रुवारी १९८७ रोजी पहाटे, झोपेत त्याचा अंत झाला. वय अठ्ठावन्न. पिट्सबर्गजवळ आईवडिलांच्या शेजारी त्याला पुरले. घरात बिस्किटांच्या चिनीमातीच्या बरण्यांपासून जडजवाहिरापर्यंत इतक्या वस्तू निघाल्या की १९८८ मधला लिलाव दहा दिवस चालला आणि अडीच कोटी डॉलरांवर गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे संपत्तीतून कलेसाठी एक संस्था उभी राहिली.

कायदा शिकणाऱ्यांसाठी एक टीप. दुसऱ्याच्या छायाचित्रावरून चित्र करणे ही वॉरहॉलची जुनी खोड. १९६४ च्या फुलांच्या चित्रांवरून छायाचित्रकार पॅट्रिशिया कॉलफील्ड यांनी त्याच्यावर दावा लावला होता आणि तो तडजोडीने मिटला. पुढे लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या एका गायकाच्या छायाचित्राचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल वॉरहॉलच्या संस्थेविरुद्ध लागला. मला स्वतःला हा निकाल योग्य वाटतो. छायाचित्रकारालाही पोट आहे.

आणि ते दहा जण? पांढऱ्या डोक्याचा गरुड डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आल्यावर सावरला आणि २००७ साली अमेरिकेच्या यादीतून बाहेर आला. पांडाची श्रेणी २०१६ मध्ये एक पायरी सुधारली. त्याच वर्षी बोर्निओचा ओरांगउटान मात्र शेवटच्या धोक्याच्या पायरीवर गेला. काळा गेंडा १९७० च्या सुमारास आफ्रिकेत पासष्ट हजार होता. वॉरहॉल त्याला छापत होता तेव्हाही कत्तल चालूच होती, आणि १९९५ पर्यंत अडीच हजारही उरले नाहीत. आता तो पुन्हा सहा हजारांच्या पुढे आला आहे. बेडकाची हकिगत निराळीच. न्यू जर्सीच्या पाइन वनांच्या नावाचा तो हिरवा बेडूक फ्लोरिडातही आहे, आणि यादीत होती ती तिथली वस्ती. शोध घेता तो वाटला होता त्याहून पुष्कळ ठिकाणी सापडला, म्हणून चित्र छापले त्याच वर्षी, १९८३ च्या नोव्हेंबरात, त्याचे नाव यादीतून काढून टाकण्यात आले. संचातून त्याला अर्थातच कोणी काढले नाही.